'शून्यावा' असतो का? जर्मन 'नुल्टे'च्या बाजूने

जर्मन भाषेत 'नुल्टे' असा एक शब्द आहे. 'नुल' म्हणजे शून्य. त्याला क्रमवाचक प्रत्यय लागला की 'नुल्टे', म्हणजे शून्यावा. आकड्यात लिहायचं तर शून्य आणि पुढे एक टिंब, कारण जर्मन लेखनात आकड्यापुढचं टिंब तो क्रमवाचक असल्याची खूण असते. हा शब्द खरोखर भाषेचा आहे की गणितवाल्यांनी आणि प्रोग्रॅमरांनी तिच्यावर लादलेला, यावर वाद होत असतात, आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यांवर लढले जातात. एक बाजू म्हणते, रांगेत सर्वांत पुढे जो उभा तो पहिला. त्याच्या आधी कुणी असूच शकत नाही, म्हणून शून्यावा ही कल्पनाच निरर्थक. दुसरी म्हणते, संगणक शून्यापासून सुरुवात करतो, तेव्हा तीच शास्त्रीय पद्धत. आपल्याकडे या दुसऱ्या बाजूला एक पुस्ती जोडली जाते: शून्य आपलं, म्हणून शून्यापासून मोजणं हे आपल्या परंपरेला धरून. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यावरून रांगेतल्या पुढच्या माणसाला कोणता क्रमांक द्यावा, हे कसं ठरणार?

माझं म्हणणं असं की 'नुल्टे' हा रास्त शब्द आहे आणि गरजेचाही, पण तो 'एर्स्टे'च्या, म्हणजे 'पहिल्या'च्या जागेवर हक्क सांगत नाही. हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. स्वतःला धरून कितवा, याचं उत्तर 'पहिला'. आधी किती होऊन गेले, याचं उत्तर 'शून्यावा'. एकाच वस्तूबद्दल हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. प्रश्न कोणता विचारलाय हे न सांगता उत्तरावर भांडण सुरू केलं की वाद कधीच संपत नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मीच मांडतो, कारण तो सहसा तेही नीट मांडत नाहीत. जर्मन 'एर्स्टे' हा शब्द 'आइन्स' म्हणजे 'एक' यापासून झालेला नाही. 'त्स्वाइटे' (दुसरा) हा 'त्स्वाइ'पासून आला, 'फिर्टे' (चौथा) हा 'फिअर'पासून आला. 'एर्स्टे' मात्र 'आधी' या अर्थाच्या जुन्या शब्दाचं तमभावदर्शक रूप आहे. त्याचा मूळ अर्थ 'सर्वांत आधीचा'. मराठीतला 'पहिला'सुद्धा 'एक'वरून आलेला नाही. याचा अर्थ असा की अनेक भाषांत रांगेचं टोक ओळखण्यासाठी संख्येची गरजच पडलेली नाही. मग सर्वांत आधीच्याच्याही आधी कोण? शिवाय यादी शून्यापासून क्रमांकित असेल, तर 'यादीतली पहिली नोंद' म्हणजे शून्य क्रमांकाची की एक क्रमांकाची? ही अडचण खरी आहे. तिला हसण्यावारी नेणारे प्रोग्रॅमर आपल्याच बाजूचं नुकसान करतात.

दुसरा मुद्दाही तितकाच खरा. मूल बोटांवर मोजतं तेव्हा शेवटच्या बोटाशी उच्चारलेली संख्या हीच एकूण संख्या असते. मोजणीची सगळी शक्ती या एका गुणात आहे. 'शून्य, एक, दोन' म्हणत तीन आंबे मोजले तर शेवटचा शब्द 'दोन' येतो आणि आंबे तर तीन. म्हणून मोजणी एकापासूनच करावी, हे मला पूर्ण मान्य आहे. जर्मनीत सोळाव्या शतकात घरोघरी गणित नेणाऱ्या आडाम रीझने 1522 च्या पुस्तकात दहा आकडे सांगताना शून्याला दहावं स्थान दिलं आणि एकट्या शून्याला काही किंमत नसते असं बजावलं, ते त्याच्या कामाला धरून योग्यच होतं. तो व्यापाऱ्यांना हिशेब शिकवत होता.

पण क्रम सांगणं आणि मोजणं ही एकच क्रिया आहे का? शाळेच्या व्याकरणात गणनावाचक आणि क्रमवाचक अशी दोन वेगळी संख्याविशेषणं आपण शिकलो, ती उगाच नाहीत. आणि क्रम सांगण्याच्याही दोन रीती आहेत, हे मराठी माणसाला तर समजावून सांगायला नको. 'तिला सहावं लागलं' आणि 'तिला पाच पूर्ण झाली' ही दोन वाक्यं एकाच मुलीबद्दल, एकाच दिवशी आपण बोलतो. तान्ह्या बाळाला पहिलं वर्ष चालू असतं आणि पूर्ण झालेली वर्षं शून्य असतात. कालगणनेत याच दोन रीतींना 'वर्तमान' आणि 'गत' अशी नावं आहेत. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या शिलालेखात कवी रविकीर्तीने शके 556 ची नोंद करताना इतकी वर्षं 'गेली' असताना, अशीच शब्दयोजना केली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या मराठी ग्रंथात आणि त्याच साली रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात गत-वर्तमानाचा हा भेद काळजीपूर्वक उलगडला, कारण जुन्या लेखातलं वर्ष गत की वर्तमान हे न कळल्यास तारीख एका वर्षाने चुकते. आपल्या पंचांगातला शक हा गत वर्षांचा आकडा आहे. त्या हिशेबाने शकाचं अगदी सुरुवातीचं वर्ष चालू असताना गत वर्षं शून्यच होती. जर्मन माणूस त्याला 'नुल्टे' वर्ष म्हणेल. त्यात विचित्र काय आहे?

जर्मन भाषेने तर हे दोन्ही हिशेब घड्याळात शेजारी शेजारी ठेवले आहेत. साडेतीनला जर्मन लोक 'हाल्ब फिअर' म्हणतात, शब्दशः 'अर्धे चार', म्हणजे चौथा तास अर्धा सरला. हा 'लागल्या'चा हिशेब. आपलं 'साडेतीन' हा 'पूर्ण झाल्या'चा. आता मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास घ्या. घरात बोलताना जर्मन माणूस त्याला 'हाल्ब आइन्स' म्हणेल, म्हणजे पहिला तास अर्धा झाला. रेल्वेच्या वेळापत्रकात तीच वेळ 'नुल उअर ड्रायसिश', शून्य वाजून तीस मिनिटं. तोच क्षण एका वाक्यात पहिल्या तासात आहे आणि दुसऱ्यात शून्याच्या तासात. 'नुल्टे'ला अनैसर्गिक म्हणणारे जर्मन रोज गाडी पकडताना हा हिशेब वापरतात.

तासावरून आठवलं. 'श्टुंडे नुल' आणि 'नुल्टे श्टुंडे' या दोन जर्मन प्रयोगांत शब्द जवळपास तेच आहेत, पण अर्थांत मोठं अंतर आहे. जर्मन शाळांमध्ये पहिला तास साधारण आठच्या सुमारास असतो; काही ठिकाणी त्याच्याही आधी, सातच्या सुमारास एखादा विषय घेतात. त्या तासाला 'नुल्टे श्टुंडे' म्हणतात. तो खराखुरा तास आहे, त्यात शिक्षक येतात, हजेरी होते. 'श्टुंडे नुल' म्हणजे मात्र 8 मे 1945, नाझी राजवटीच्या शरणागतीचा क्षण, जिथून नव्याने मोजायला सुरुवात करायची असं अनेकांना वाटलं. तो काळाच्या रेषेवरचा बिंदू आहे, त्याला लांबी नाही. राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन वाइत्सेकर यांनी 8 मे 1985 च्या संसदेतल्या भाषणात 'श्टुंडे नुल' असं काही नव्हतंच, नव्या सुरुवातीची संधी मात्र होती, असं स्पष्ट सांगितलं. त्यांचा आक्षेप इतिहासाचा आणि नीतीचा होता: आधीचं सगळं पुसून रेषा आखता येत नाही. मला तो पूर्ण पटतो. मात्र तो 'शून्य' या बिंदूवरचा आक्षेप आहे, 'शून्यावा' या खणावरचा नाही. वादातला निम्मा गोंधळ इथेच आहे. शून्य हा बिंदू असतो. पहिला, दुसरा, तिसरा हे दोन बिंदूंमधले खण असतात. 'नुल्टे' हे खणाला त्याच्या सुरुवातीच्या बिंदूवरून दिलेलं नाव आहे, 'एर्स्टे' हे त्याच खणाला शेवटच्या बिंदूवरून दिलेलं.

हा फरक न पाळल्याने काय होतं, याचे दाखले इतिहासात आहेत. ज्युलियस सीझरने इ.स.पू. 45 मध्ये नवी दिनदर्शिका लागू केली आणि दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा असं ठरलं. रोमन लोक मोजताना दोन्ही टोकं धरत. त्याच्या मृत्यूनंतर पुरोहितांनी 'दर चौथ्या वर्षी' हे शब्द सवयीप्रमाणे आधीचं लीप वर्ष धरून मोजले आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत राहिले. 36 वर्षांत 9 ऐवजी 12 दिवस घुसले. ऑगस्टसला पुढची काही लीप वर्षं गाळून ते निस्तरावं लागलं. हीच दोन्ही टोकं धरायची सवय आजही भाषांत आहे. जर्मन माणूस 'आठ दिवसांनी' म्हणतो तेव्हा त्याला एक आठवडा अभिप्रेत असतो, आणि 'चौदा दिवसांनी' म्हणतो तेव्हा दोन आठवडे. आठ अधिक आठ चौदा! आपणही सात दिवसांच्या काळाला 'आठवडा' म्हणतो आणि दोन आठवड्यांना सहज 'पंधरा दिवस'. पाश्चात्त्य संगीतात हाच दोष पक्का बसला आहे: जर्मन संगीतशास्त्रात दोन 'टेर्त्स' म्हणजे तिसऱ्या स्वराची अंतरं एकावर एक ठेवली की 'क्विंटे', पाचवं अंतर होतं. तीन अधिक तीन पाच. दोन स्वर एकच असतील तर त्यांतल्या अंतराला 'प्रिमे' म्हणजे पहिलं म्हणतात, वास्तविक तिथे अंतर शून्य आहे. त्याला 'नुल्टे' म्हटलं असतं, तर बेरीज बेरजेसारखी वागली असती.

उलट दिशेची चूकही जर्मनीतच घडली आहे, आणि ती 'नुल्टे'च्या समर्थकांनी विसरू नये. विसावं शतक कधी सुरू झालं? ख्रिस्ती गणनेत शून्य वर्ष नाही. सहाव्या शतकात डायोनिसियस या ख्रिस्ती साधूने ती मांडली तेव्हा सुरुवात एकापासूनच झाली. त्यामुळे शतक 1 जानेवारी 1901 ला बदलतं. कैसर विल्हेल्म दुसरा याच्या जर्मन साम्राज्याने मात्र अधिकृतपणे 1 जानेवारी 1900 हा दिवस ठरवला. खगोलशास्त्रज्ञ जे शून्य वर्ष वापरतात, ज्याचा उपयोग झाक कासिनी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने 1740 च्या कोष्टकांत केला, ते धरलं तर कैसर बरोबर ठरतो. पण लोकांच्या दिनदर्शिकेत ते वर्ष नव्हतं. गत वर्षांचं तर्कशास्त्र वर्तमान वर्षांच्या मालिकेवर लादलं गेलं. एकापासून सुरू झालेल्या मालिकेत मधूनच 'नुल्टे'चा हिशेब घुसवणं, हे रोमन पुरोहितांच्या चुकीइतकंच चूक आहे.

आता समर्थकांच्या आवडत्या साक्षीदारांकडे येऊ. आंटोन ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराची डी मायनरमधली सिंफनी 'दी नुल्टे' म्हणून ओळखली जाते, आणि शब्द रूढ असल्याचा पुरावा म्हणून ती नेहमी पुढे केली जाते. ही साक्ष घेऊ नये. ती सिंफनी 1869 ची आहे, म्हणजे पहिल्या सिंफनीच्या नंतरची. ब्रुकनरने ती स्वतः रद्द ठरवली, हस्तलिखितावर ती धरू नये असं लिहिलं आणि शून्यावर काट मारल्याचं चिन्ह काढलं; संपूर्ण सिंफनी वाजली ती 1924 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर 28 वर्षांनी. तिथे शून्याचा अर्थ 'बाद' असा आहे, क्रमाशी त्याचा संबंध नाही.

ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, 'नुल्टर हाउप्टझात्स', शून्यावा नियम, ही थोडी बरी साक्ष. दोन वस्तू तिसऱ्या वस्तूशी औष्णिक समतोलात असतील तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात, असा तो नियम. तापमान या शब्दाला अर्थच त्यामुळे येतो. पहिला आणि दुसरा नियम एकोणिसाव्या शतकात जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसच्या काळीच आपापल्या क्रमांकांनी रूढ झाले होते, आणि त्यांच्याही पायाशी असलेल्या या नियमाला जागा द्यायची तर शून्याचीच शिल्लक होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ट झोमरफेल्डने नोंदवलं आहे की हे नाव इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ राल्फ फाउलरने दिलं, तेही मेघनाद साहा आणि बी. एन. श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरील ग्रंथाची चर्चा करताना. एका भारतीय पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने हे नाव जन्मलं, याचं मला अप्रूप आहे. तरीही आक्षेप घेणारा म्हणेल की ही नंतर जोडलेली पायरी आहे, मुळातली नव्हे. बरोबर आहे.

खरी साक्ष प्रकाशाची. जोझेफ फ्राउनहोफरने 1821 च्या सुमारास बारीक तारांची जाळी करून त्यांतून प्रकाश सोडला. मधोमध सरळ जाणारा पट्टा पांढराच राहतो आणि दोन्ही बाजूंना रंगांचे पट्टे उमटतात. शेजारच्या फटींतून आलेल्या किरणांच्या वाटांमधला फरक किती तरंगलांबींचा आहे, यावरून पट्ट्याचा क्रम ठरतो. बाजूच्या पट्ट्यांत तो एक, त्यापुढे दोन. मधल्या पट्ट्यात फरक शून्य, म्हणून सगळे रंग तिथे एकत्रच राहतात. जर्मन भौतिकीत त्याला 'नुल्टर' क्रमाचा पट्टा म्हणतात. इथे शून्य टोकालाही नाही, मध्यावर आहे. त्याला 'पहिला' म्हटलं तर डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन्ही 'दुसरे' होतील आणि क्रमांकाचा तरंगलांबीशी असलेला संबंध तुटेल. सर्वांत आधीच्याच्या आधी काय, हा प्रश्न इथे उभाच राहत नाही.

प्रोग्रॅमिंगमध्ये 'संगणक तसं करतो' हे कारण सर्वांत दुबळं. फोर्ट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा 1957 मध्ये आली आणि तिच्यात अ‍ॅरेची, म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या यादीची, सुरुवात एकापासून होती; मॅटलॅब, आर, ज्युलिया या भाषा आजही एकापासून सुरू करतात आणि त्यांत उत्तम काम होतं. सारणीच्या पहिल्या ओळीला एक म्हणणाऱ्या गणितज्ञाला त्या सोयीच्या वाटतात, आणि ते रास्त आहे. चांगलं कारण डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्राने 11 ऑगस्ट 1982 च्या छोट्या टिपणात दिलं. सलग संख्यांचा पट्टा सांगताना खालची मर्यादा आत आणि वरची बाहेर ठेवली, तर दोन मर्यादांची वजाबाकी म्हणजेच पट्ट्याची लांबी होते, लगतचे पट्टे बरोबर जुळतात आणि रिकामा पट्टाही विनासायास लिहिता येतो. मग सुरुवात शून्यापासून केली की प्रत्येक घटकाचा क्रमांक म्हणजे त्याच्या आधीच्या घटकांची संख्या. हा 'गत'चाच हिशेब आहे. बर्लिनमधला चौथा मजला चार जिने वर असतो, कारण तिथे, आपल्याप्रमाणेच, तळमजल्यानंतर पहिला मजला येतो. न्यूयॉर्कमधल्या चौथ्या मजल्याला तीनच जिने लागतात.

गणिताच्या पायाशी गेलं तरी कुणा एकाच्या बाजूने निकाल लागत नाही. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने 1884 मध्ये संख्यांची उभारणी शून्यापासून केली, तर गणितज्ञ डेडेकिंडने 1888 मध्ये एकापासून. दोघेही जर्मन, दोघांमध्ये अंतर चार वर्षांचं. 1923 मध्ये योहान फॉन नॉयमानने मात्र जर्मन भाषेतल्या एका निबंधात क्रमसूचक संख्येची अशी व्याख्या दिली की आजही तीच शिकवली जाते: प्रत्येक क्रमसूचक संख्या म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्या क्रमसूचक संख्यांचा संच. जिच्या आधी कुणीच नाही, ती रिकामा संच, शून्य. म्हणजे क्रम या कल्पनेची काटेकोर व्याख्या करायची वेळ आली, तेव्हा 'आधी किती' हाच प्रश्न कामी आला.

राहता राहिली 'पहिली नोंद' कोणती ही अडचण. ती 'नुल्टे'च्या माथी मारली जाते, पण नीट पाहा. शून्यापासून क्रमांकित यादीत 'नुल्टे' नोंद म्हटलं तर कुणाच्याही मनात दोन अर्थ येत नाहीत. दोन अर्थ येतात ते 'एर्स्टे' म्हटल्यावर, कारण सर्वांत आधीचा आणि एक क्रमांकाचा अशी दोन कामं तो एकटा शब्द करतो. एकापासून सुरू होणाऱ्या यादीत ही दोन्ही कामं एकाच नोंदीवर पडतात, म्हणून ते खपून जातं. जर्मन पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी शून्यापासूनच्या याद्यांत 'एर्स्टे' हा शब्द फक्त सर्वांत पुढच्या नोंदीसाठी राखावा आणि बाकी ठिकाणी इंडेक्सचा, म्हणजे यादीतल्या जागेचा, आकडा लिहावा; दहा नोंदी असतील तर शेवटची 'नऊ इंडेक्सची' म्हणावी, 'नववी' म्हणू नये. मराठीत आपण 'शून्यावा' म्हणायला बिचकतो. ज्यांना तो शब्द कानाला खटकतो त्यांनी 'इंडेक्स शून्य' म्हणावं, हरकत नाही. मात्र शिकवताना 'कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो' असं वाक्य फळ्यावर लिहू नये. कॉम्प्युटर दहा नोंदींची संख्या विचारली की दहाच सांगतो. शून्यापासून सुरू होतं ते नोंद सुरुवातीपासून किती पुढे आहे याचं माप.